ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करताना व सेल्फ मारताना घ्यावयाची दक्षता

सर्व ट्रॅक्टरधारक सभासदांस कळविण्यात येते की, पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या उतरलेल्या बॅटऱ्या सध्या चार्जिंगला लावल्या जात असल्याने पुढील बाबींकडे प्रत्येकाने लक्ष द्यावे.

बॅटरी भरत आली की आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो आणि फुटलेल्या कवचासह ॲसिड थेट तोंडावर उडते. म्हणून बॅटरी मोकळ्या हवेत चार्ज करावी, बुचांची बारीक छिद्रे चिखलाने बुजली नाहीत याची खात्री करावी आणि चिमटे लावण्यापूर्वी व काढण्यापूर्वी चार्जरचे बटण बंद करावे. बिडी ओढत बुचे उघडणारे आपल्यातही आहेत, म्हणून तेही स्पष्टपणे मना करावे लागत आहे.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरून करंट घेताना दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात. लाल केबलने दोन्हींची प्लस टोके जोडावीत. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, तर दुसरे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, त्याच ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावावे, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी बहुधा उडतेच. बॅटरी काढताना मायनस आधी सोडावा, अन्यथा पाना चेसीला टेकून शॉर्ट होतो.

डोळ्यात ॲसिड गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तातडीने दवाखाना गाठावा.