सेंद्रिय कांद्यातील तण आणि रोटाव्हेटर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेंद्रिय शेतीच्या शिबिरांत जीवामृत, दशपर्णी अर्क आणि गांडूळखत यांवर तासन्‌तास बोलले जाते. तणाचा विषय मात्र 'खुरपून घ्या' एवढ्यावर आटोपतो. आमच्या निफाड तालुक्यात सेंद्रिय कांदा करू पाहणारा शेतकरी नेमका इथेच मागे फिरतो, असा माझा अनुभव आहे.

कांद्याची पात उभी व नळीसारखी असल्याने ती जमिनीवर सावली धरत नाही आणि सपाट वाफ्यात १५ बाय १० सेंटिमीटरवर रोपे लावल्यावर कोळपे, म्हणजे ओळींमधले तण कापणारे औजार, चालवायला जागाच उरत नाही. त्यामुळे तणनाशक सोडलेल्या शेतकऱ्याला तणाचा बंदोबस्त लागवडीपूर्वीच, मशागतीतून करावा लागतो. तसे न झाल्यास सगळा भार खुरपणाऱ्या बायांच्या कमरेवर आणि मालकाच्या खिशावर पडतो.

दावणीला बैल राहिले नाहीत, म्हणून मीही पहिल्या वर्षी भाड्याचा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारे ट्रॅक्टरचे औजार, दोनदा फिरवला. रान पिठासारखे भुसभुशीत दिसले. परंतु पाणी भरल्यावर आठवड्याभरात, आधी केवळ बांधालगत असलेला लव्हाळा, हे जमिनीखाली गाठी धरणारे तण, वाफ्यावाफ्यातून सुयांसारखा वर आला. खुरप्याने एक कोंब उकरला, तर काळ्या दोऱ्यात मणी ओवावेत तशा चार गाठी एकामागून एक निघाल्या. रोटाव्हेटरच्या पात्यांनी ही माळ तुटली, की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. हराळी या गवताच्या काशांचे, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या खोडांचेही तेच होते. शिवाय काळी माती फार बारीक झाली, की पहिल्याच जोरदार पावसात तिच्यावर खपली धरते.

पुढच्या वर्षापासून अक्षय तृतीयेच्या सुमारास कोरड्या रानात खोल नांगरट करून ढेकळे तशीच उन्हात तापू दिली आणि वर आलेल्या गाठी व काशा वेचून बांधाबाहेर काढल्या. मृगाच्या पावसाने उगवलेले तण दोन पानांवर असताना, वाफसा येताच, म्हणजे ओल मशागतीजोगी होताच, दोन इंचांपेक्षा खोल न जाता कुळवणी केली, म्हणजे कुळवाच्या आडव्या पात्याने वरची माती हलवून तण कापले. कारण कुळव खोल गेला, तर खालचे बी वर येऊन पुन्हा उगवते. पंधरा दिवसांनी हीच पाळी आणखी एकदा दिली. रोपवाटिकेची जागा मात्र उन्हाळ्यातच ओलवून चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली झाकून ठेवली. लव्हाळा संपला नाही, तो इतक्या सहज संपतही नाही; पण तीन खुरपण्यांच्या जागी दीड खुरपणीत भागू लागले. अर्धे कुजलेले शेणखत टाकले असते, तर त्यातील बियांनी ही मेहनत वाया घालवली असती, हेही सांगायला हवे.

गावोगावच्या औजारे बँकांत रोटाव्हेटर सहज मिळतो. छोट्या ट्रॅक्टरला जोडायचा हलका कुळव किंवा सायकल कोळपे मागितले, की नकार येतो. कृषी विभागाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ही साधी औजारे भाड्याने उपलब्ध करून द्यावीत आणि त्यांची प्रात्यक्षिके सभागृहात न घेता, जून महिन्यात, वाफसा असलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या रानातच घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक कांदा उत्पादक शेतकरी,
ता. निफाड, जि. नाशिक