आजाऱ्याचा विश्वास तपासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेले काही दिवस आरोग्य-प्रार्थनांवर वाचकांची पत्रे येत आहेत. काहींच्या मते हा सगळा भोंदूपणा आहे, काहींच्या मते विश्वास असेल तर कॅन्सरसुद्धा पळतो. मी बेळगावच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली, आणि नोकरीची सगळी वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काढली. प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ती सोडू नये, चिकाटीने करत राहावी, असेच मला लहानपणापासून शिकवले गेले. पण आज आमच्याकडे ही चिकाटी अंथरुणावर पडलेल्या माणसाकडून मागितली जाते. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, ती त्याच्या भोवतीच्या माणसांकडून मागितली आहे. हा फरक विसरल्यामुळे किती नुकसान होते ते मी पाहिले आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला तरुण क्षयरोगावर उपचार घेत होता. क्षयाचे साधे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. पण यातली अडचण अशी की माणसाला बरे वाटायला सहा महिने लागत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, अंगावर मांस चढते. जंतू मात्र आत शिल्लक असतात. नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या घरी प्रार्थनासभा झाली. डोक्यावर हात ठेवले, तेल लावले, आणि लगेच उभे राहून 'देवाने मला बरे केले' अशी सगळ्यांसमोर साक्ष द्यायला सांगितले. त्याने दिली. खोटी नव्हती ती, त्याला खरोखरच बरे वाटत होते. मग बाहेरून आलेल्या प्रचारकाने सांगितले की साक्ष दिल्यावर गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. पोराने गोळ्या बंद केल्या.

तो परत वॉर्डात आला तेव्हा थुंकीतून रक्त पडत होते आणि नेहमीची औषधे लागू पडत नव्हती. त्या काळी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शने द्यावी लागत, त्याने कानात सतत शिट्टीसारखा आवाज यायचा, ऐकू कमी यायचे. त्याचेही तसेच झाले. एकदा रात्री मी त्याचा ताप बघत होते तर हळूच म्हणाला, "सिस्टर, माझाच विश्वास कमी पडला ना?" तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरून विचारत होता. दुखण्याने आधीच खचलेल्या माणसावर हा दुसरा बोजा कुणी टाकला?

येशूने "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले" असे म्हटले आहे, हे मला माहीत आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला म्हटले, बार्तीमय आंधळ्याला म्हटले. पण ते बरे झालेल्यांना म्हटले. न बरे झालेल्या एकाही आजाऱ्याला त्याने "तुझा विश्वास कमी, म्हणून तू असाच राहा" असे म्हटल्याचे चारही शुभवर्तमानांत सापडत नाही. उलट फेफरे येणाऱ्या मुलाची गोष्ट पाहा. शिष्यांना तो मुलगा बरा करता आला नाही. का, असे त्यांनी विचारले तेव्हा येशूने अल्पविश्वासाचा दोष शिष्यांना दिला. मुलाला नाही, बापाला नाही. बाप तर रडत सांगत होता, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." तेवढ्यावर मुलगा बरा झाला. कुणी येशूच्या गावाचा, नासरेथचा दाखला देईल, की तिथे अविश्वासामुळे फारसे चमत्कार झाले नाहीत. अविश्वास गावाचा होता. आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क पुढे लिहितो की त्या गावातही त्याने थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरे केलेच.

पक्षघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेवरून येशूकडे आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उघडून खाली सोडले. तिथे वाक्य आहे, येशूने "त्यांचा विश्वास पाहून". खाटेवरच्या माणसाने तोपर्यंत तोंडही उघडलेले नव्हते. हा उतारा मी वाचते तेव्हा आपल्या भीमगडच्या जंगलातली गावे आठवतात. पावसाळ्यात तिथून आजारी माणसाला लाकडाला बांधून, खांद्यावर घेऊन, चिखल आणि नाले ओलांडत गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते, याच्या बातम्या आपण छापता. खांदा देणारे आळीपाळीने बदलतात. वर झोपलेल्याला "तुझी हिंमत किती?" असे कोणी विचारत नाही.

कनानी बाई लेकीसाठी ओरडत राहिली, शिष्य कंटाळले तरी हटली नाही. लेक घरी पडून होती. याईर मुलीसाठी आला, रोमी सैन्यातला शताधिपती चाकरासाठी. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला एवढेच सांगितले आहे की मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलाव. तेल लावायचे आणि विश्वासाने प्रार्थना करायची ती त्या वडीलधाऱ्यांनी. न्यायाधीशाच्या दारी खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला येशूने दिला तोही "नेहमी प्रार्थना करावी, खचून जाऊ नये" यासाठी. तो ऐकणारे शिष्य धडधाकट होते.

आणि उत्तर "नाही" असे आले तर? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे अंगाला जडलेला त्रास, निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. मिळाले ते इतकेच, की "माझी कृपा तुला पुरे आहे." ज्याच्या हातून इतरांना आरोग्य मिळाले त्याच पौलाने आपला सहकारी त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात मागे ठेवले, दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता. खुद्द येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आमच्या भागात प्रार्थना आणि दवाखाना यांचे वैर कधीच नव्हते. आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी 'मिरजेला नेले' म्हणजे शेवटचा उपाय केला, असा अर्थ होता. ते मिरजेचे मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केले, मिशनरी म्हणूनच. मी शिकले त्या मिशन दवाखान्यात सकाळी वॉर्डात गीत आणि प्रार्थना व्हायची, मग लगेच राउंड. आधी काय आणि नंतर काय, असा वाद कुणी घातला नाही. कॅथलिक बांधवांच्या फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्राचे पाहा. 1858 पासून तिथे लाखोंनी आजारी माणसे जातात, बरे झाल्याचे हजारोंनी सांगितले, पण डॉक्टरांची समिती वर्षानुवर्षे कागद तपासते आणि आजवर चमत्कार म्हणून मान्य झाले ते 70 च्या आसपास. चमत्कारावर श्रद्धा असलेले लोक इतका धीर धरतात आणि आमच्याकडे त्याच संध्याकाळी माईकवरून जाहीर होते!

'सगळ्या प्रार्थना बंद करा' म्हणणाऱ्यांनाही मला सांगायचे आहे. मंत्राने, जादूने रोग बरे करतो अशा जाहिरातींवर 1954 पासून केंद्राचा कायदा आहे, तो जरूर वापरा. पण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाच्या घरी कधी बसून बघा. पहिल्या महिन्यात पाहुणे मावत नाहीत, सहाव्या महिन्यात फोनही येत नाही. चर्चमध्येसुद्धा तेच. पहिले दोन-तीन रविवार नाव घेऊन प्रार्थना होते, मग नवी नावे येतात आणि जुने गळते. एका बाईंच्या घरी मात्र दर गुरुवारी संध्याकाळी तीन शेजारणी यायच्या, त्यातली एक ख्रिस्तीही नव्हती. एक स्तोत्र, लहानशी प्रार्थना, आणि निघताना गोळ्यांच्या डब्यातले कप्पे बघून भरून ठेवायचे. त्या बाई बऱ्या झाल्या नाहीत. पण शेवटपर्यंत त्यांना कुणी विश्वासाचा हिशेब मागितला नाही, आणि गुरुवार चुकला नाही. याला मी प्रार्थनेतली चिकाटी म्हणते. तिने रोग हटेलच असे मी सांगत नाही. हटावा म्हणून देवाकडे मागत राहणे मात्र आपले काम आहे, आणि ते थकलेल्याच्या वतीने करायचे आहे.

म्हणून सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि फादरांना आपल्या पत्रातून हात जोडून विनंती करते. तेल लावताना, हात ठेवताना, त्याच व्यासपीठावरून, त्याच माईकवर मोठ्याने सांगा की डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या, इन्सुलिन, फिटची औषधे काहीही थांबवायचे नाही. फिटची गोळी एकदम सोडली तर जीवावर बेतते. क्षयाच्या रुग्णाकडून उपचार पुरे होईपर्यंत साक्ष घेऊ नका, पुरे झाल्यावर आनंदाने घ्या, आम्हीही टाळ्या वाजवू. आणि आजाऱ्यांच्या यादीतले नाव तो बरा होईपर्यंत किंवा देवाघरी जाईपर्यंत खोडू नका. त्या नावापुढे या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाणार, तेही लिहा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
टिळकवाडी, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)