अनेल्काच्या यादीत मुंबई राहिली की साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावर फ्रान्सचा फुटबॉलपटू निकोला अनेल्काबद्दल छापलंय ते वाचलं. मी पेपर शेवटच्या पानापासूनच सुरू करतो त्यामुळं चहा गार व्हायच्या आत वाचून झालं आणि डोकंच फिरलं. क्लबांची यादी दिलीय, पॅरिस, आर्सेनल, रियल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम, आणि तिथंच गाडी थांबली. अहो मुंबई राहिली ना! 2014 आणि 2015 ला हा माणूस मुंबई सिटीकडून खेळला, दुसऱ्या वर्षी तर खेळाडू पण तोच आणि मॅनेजर पण तोच, आणि मराठी पेपरातच ती ओळ गायब? मुंबई धरून 12 क्लब होतात, पॅरिसला दोनदा गेला ते एकदाच मोजून.

मला हे इतकं का लागलं सांगतो. आम्ही तिघं मित्र सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जनरल डब्यात उभ्यानं ठाण्याला गेलो, तिथून लोकलनं नेरुळ, आणि डी. वाय. पाटील स्टेडियमला मुंबई-केरळ मॅच बघितली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी, ती गेटवरच खाऊन संपवावी लागली. गंमत अशी की केरळच्या टीमचा एक मालक तेव्हा आपला सचिन होता! आता टाळ्या कुणाला वाजवायच्या बे, असं मित्र विचारतोय तोवर अनेल्कानं गोल केला, आणि मुंबई 1-0 नं जिंकली ती त्याच गोलवर. पस्तिशीचा गडी, पळत फारसा नव्हता, पण बॉल पायाशी आला की समोरचे दोघं आपोआप थबकायचे. मुंबई दोन्ही वर्षी इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलला पोचली नाही ते वेगळं.

दुसरं म्हणजे तुम्ही त्याला 'फिरस्ता' म्हणलंय आणि त्यावरून करिअर फुकट गेलं असा सूर लावलाय. हे काय पटलं नाही. माझे वडील मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, चार कारखाने फिरले, त्यांना सोलापूरच्या पूर्व भागात कुणी फिरस्ता म्हणलं नाही, उलट माग अडला की तिसऱ्याच कारखान्यातून बोलावणं यायचं. याचं पण तसंच बघा. मँचेस्टर सिटीनं 2002 ला आणि बोल्टननं 2006 ला त्याला घेतलं तेव्हा दोघांनीही त्यांच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम मोजली होती. फुकट गेलेल्या माणसाला असे पैसे कोण देतं?

आणि पैशाचं निघालंय तर आर्सेनलचं पण लिहायला पाहिजे होतं. 1997 ला, पोराला अजून 18 पूर्ण नव्हते, साधारण 5 लाख पौंडात उचलला. पुढच्या वर्षी इंग्लंडची लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, कपच्या फायनलला याचा गोल, आणि 1999 ला रियलला 2 कोटी 20 लाख पौंडांच्या वर विकला. आमच्या चादरवाल्यांना नुसतं सांगितलं तरी चक्कर येईल असा नफा. त्याच पैशातून आर्सेनलनं ट्रेनिंगचं मैदान उभं केलं आणि थिएरी हेन्री आणला. म्हणजे माल विकून दुकान मोठं केलं मालकानं, आणि टिकला नाही म्हणून बोल मालाला.

पोरगा सरळ होता असं मी म्हणत नाही. भाऊच एजंट, त्यांनी पण कमी घोळ घातले नाहीत. रियलमध्ये ट्रेनिंगला आला नाही म्हणून 45 दिवस बाहेर बसवलं. पण परत आला आणि युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही मॅचमध्ये गोल केला, मग रियल फायनल पण जिंकली, ते सांगताना मात्र सगळ्यांचा आवाज बारीक होतो. 2010 च्या वर्ल्डकपला फ्रान्सच्या कोचशी भांडला म्हणून घरी पाठवला, पुढं फ्रान्सच्या टीममधून 18 मॅचची बंदी. वेस्ट ब्रॉमला असताना गोल केल्यावर ती ज्यूविरोधी म्हणून बदनाम असलेली हाताची खूण केली, त्याची 5 मॅचची बंदी, तिच्यापायी आपल्या मुंबईकडून पण सुरुवातीच्या मॅच हुकल्या. तिथं चूक त्याचीच, बाजू घेण्यासारखं काही नाही.

मॉस्कोचं बघा. 2008 ची चॅम्पियन्स लीगची फायनल म्हणलं की लोकांना पेनल्टी मारताना चेल्सीचा टेरी घसरला तेवढंच आठवतं, चेल्सीची शेवटची पेनल्टी अनेल्काची होती जी मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सारनं अडवली. पण तोच माणूस पुढच्या सीझनला 19 गोल मारून इंग्लंडच्या लीगमध्ये पहिला आला, आणि तुमच्या लेखात पेनल्टी आहे, 19 गोल नाहीत. असं कसं चालंल साहेब?

माझा मित्र म्हणतो कशाला पत्र लिहितो, कोण छापतंय. नाही छापलं तरी चालेल. फक्त येत्या रविवारी कुठंतरी कोपऱ्यात, अगदी जाहिरातीच्या खाली का होईना, यादीत मुंबई घाला.

आपला,
रोजचा एक वाचक
अशोक चौक, सोलापूर