बाबा, एफडी मोडू नका

जर्मनटाऊन, मेरीलँड
16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. न.

बाबा, आम्हाला पैसे पाठवायला म्हणून एफडी मोडू नका. परवा फोनवर हेच सांगितलं, पण तुमच्या आवाजावरून कळलं की तुमची खात्री पटलेली नाही. फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवा.

बुधवारी, 12 तारखेला रात्री विधेयकावर सही झाली आणि इथल्या केंद्र सरकारचा 43 दिवसांचा शटडाऊन, म्हणजे कामबंदी, संपला. मी परत कामावर रुजू झाले आहे. थकलेला पगार आम्हा कायम सरकारी नोकरदारांना मिळतो, तसा 2019 चा कायदाच आहे. ऑक्टोबरमध्ये मात्र तो मिळेलच असं नाही, अशी भाषा वरूनच सुरू झाली होती आणि ते दिवस फार वाईट गेले. आता नव्या कायद्यातही पगाराची हमी आहे. शिवाय आमच्या घरात दुसरा पगार चालू होता. घराचा हप्ता गेला, मुलांची फी गेली. कुणाचं देणं राहिलेलं नाही.

तुम्ही विचारलंत की एवढ्या मोठ्या देशाचं सरकार बंद पडतंच कसं. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर लेखानुदान घेतात आणि कचेऱ्या चालू राहतात. इथलं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही तर खात्यांना पैसा खर्च करायला कायद्यानेच बंदी आहे. या वेळी आरोग्य विम्याच्या अनुदानावरून अडलं. मग माझ्यासारख्यांना घरी बसवतात. त्याला फर्लो म्हणतात. त्या काळात ऑफिसचा ईमेलसुद्धा उघडायचा नाही, फुकट काम करणंही बेकायदा. आणि ज्यांच्यावाचून अडतं, म्हणजे विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक, विमानतळावर बॅगा तपासणारे, त्यांनी रोज कामावर यायचं, पण पगाराशिवाय. आमच्या गल्लीत असे एक गृहस्थ आहेत. पहाटे चारला त्यांची गाडी निघायची. पेट्रोलचा खर्च त्यांचाच.

बाबा, तुम्ही म्हणालात, ‘आम्ही 77-78 मध्ये 54 दिवस काढले.’ मला ठाऊक आहे. पण तो संप तुम्ही राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केला होता, केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून. इथे या माणसांनी काहीच मागितलं नव्हतं. आणि तुमच्या पाठीशी पेठेतला दुकानदार होता. आजी सांगायची, त्याने वहीत मांडून धान्य दिलं आणि पगार सुरू होईपर्यंत एकदाही तगादा लावला नाही. इथल्या सुपरमार्केटमध्ये उधारीची वही नसते. क्रेडिट कार्ड असतं, आणि त्याचं व्याज बहुतेकांना वीस टक्क्यांच्या वर पडतं. घरभाडं एक तारखेला द्यावंच लागतं. बाहेरून सुखवस्तू दिसणारी कितीतरी घरं लागोपाठ दुसरा पगार चुकला की कोलमडायला लागतात, हे या दीड महिन्यात डोळ्यांनी पाहिलं.

त्या दुकानदाराचं काम इथे कुणी केलं, ते सांगते. क्रेडिट युनियन म्हणून असतात, आपल्या पगारदारांच्या पतपेढीसारख्या. त्यांतल्या काहींनी चुकलेल्या पगाराइतकी रक्कम बिनव्याजी दिली. मेरीलँड राज्याने पगाराशिवाय राबणाऱ्यांना 700 डॉलरचं बिनव्याजी कर्ज ठेवलं. घरी बसवलेल्यांना बेकारी भत्ता मागता येतो, मात्र मागचा पगार हातात आला की तो परत करायचा. कामावर जाणाऱ्यांना तोही नाही, कारण कागदोपत्री ते बेकार नाहीत! म्हणून ते 700 डॉलर मला मोलाचे वाटतात. रक्कम छोटीच आहे, पण कायद्याच्या फटीत नेमकं कोण अडकलंय हे कुणीतरी बघितलं होतं.

सगळ्यात मोठं काम अन्नाचं झालं. आमच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) गेदर्सबर्गला मॅना फूड सेंटर आहे, 1983 पासूनचं. वॉशिंग्टन आणि आसपासच्या सगळ्या भागासाठी कॅपिटल एरिया फूड बँक आहे. फूड बँक म्हणजे गरजूंना फुकट अन्न पुरवणारी संस्था. त्यांनी खास सरकारी नोकरांसाठी जादा वाटप सुरू केलं. सरकारी ओळखपत्र दाखवायचं आणि खोकं घ्यायचं. घरी बसले होते, म्हणून मीही एका वाटपाला मदतीला जात होते. मोठ्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग. आम्ही बटाटे, कांदे, गाजरं, सफरचंदं, तांदूळ, डबाबंद राजमा असं खोक्यात भरून थेट डिकीत ठेवायचो. उतरायची गरज नाही, फॉर्म नाही, उत्पन्न किती, घरात माणसं किती, असले प्रश्न नाहीत. आम्हाला आधीच बजावलं होतं: हसून नमस्कार करा, हवामानाबद्दल बोला, बाकी काही विचारू नका. आई, तुझं लग्नाच्या पंगतीतलं वाढणं मला फार आठवलं. कुणाला काय हवंय ते पानाकडे बघून ओळखायचीस, विचारून ओशाळवायची नाहीस.

एक बाई रोज आमच्याबरोबर खोकी भरायला यायच्या आणि शेवटी स्वतःचं खोकं घेऊन जायच्या. मूळच्या मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या. एका सरकारी इमारतीच्या कँटीनमध्ये कामाला, पण कंत्राटी. बाबा, खरं दुःख इथे आहे. इमारत बंद, कँटीन बंद, पगार बंद, आणि शटडाऊन संपल्यावर मागचं काहीही मिळत नाही. माझ्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांचीही तीच गत. मी घरी बसले त्या दिवसांचा पगार मला मिळणार आणि त्यांना नाही, हे मला कुठल्याही हिशेबाने न्याय्य वाटत नाही. फूड बँकेने ‘कंत्राटी कामगारांनीही यावं’ असं पहिल्यापासून जाहीर केलं होतं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

1 नोव्हेंबरपासून रांगच बदलली. गरिबांना किराण्यासाठी दरमहा कार्डावर पैसे मिळतात, त्याला स्नॅप म्हणतात. देशभरात सुमारे 4.2 कोटी माणसं त्यावर अवलंबून आहेत. ते पैसे अडकले. मग म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या आया पायी येऊ लागल्या. राज्यपालांनी (इथे राज्यपाल म्हणजे निवडून आलेले प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे) 30 ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर करून फूड बँकांना 1 कोटी डॉलर दिले, आणि पुढे स्नॅपसाठी राज्याच्या तिजोरीतून 6.2 कोटी काढले. ते काढावेच लागणार होते. फूड बँका एक जेवण देतात तेव्हा स्नॅप नऊ देतं, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. आम्ही कितीही खोकी भरली तरी ती दरी भरून निघाली नसती. शेजारधर्म हवाच, पण सरकारने सरकारचं काम करायलाच हवं.

आपल्या इथल्या मराठी मंडळींनीही हातभार लावला. आधी घरोघरचे डबे आणि डाळी गोळा करायचं ठरत होतं, पण फूड बँका म्हणतात रोख द्या, घाऊक भावात त्यात कितीतरी जास्त येतं. म्हणून दिवाळीचा कार्यक्रम साधा केला आणि वाचलेले पैसे पाठवले. 2019 च्या शटडाऊनमध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत शीख मंडळींनी गुरुद्वाऱ्यात सरकारी नोकरांना जेवू घातलं होतं. परक्या मुलखात आलेल्या माणसांनी तिथल्या लोकांना पानावर बसवावं, ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली.

नव्या मंजुरीची मुदत बहुतेक खात्यांना फक्त 30 जानेवारीपर्यंत आहे. म्हणून पगार आला तरी आम्ही हात आखडूनच खर्च करतोय. वाटपाला मी आता फक्त शनिवारी जाते. कँटीनमधल्या बाईंचं भाडं अजून थकलेलं आहे. काउंटीकडून भाड्यासाठी मदत मिळते, त्या अर्जाचे कागद आम्ही दोघी मिळून जमवतोय.

ती एफडी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहे. डॉक्टरांनी जानेवारी म्हटलंय तर जानेवारीतच करा, पुढे ढकलू नका. आमची तिकिटंही त्याच हिशेबाने बघते आहे. आणि इथली घड्याळं 2 तारखेला मागे गेली, म्हणून रविवारी तुमच्या साडेआठला फोन करा, इथे सकाळचे दहा वाजलेले असतात आणि मुलं उठलेली असतात.

तुमची,
लेक