पांढऱ्या पट्टीवरचं ‘इथून’ आणि ‘इथे’

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सातपूरला परत गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. तुम्ही दुरुस्त केलेला आमचा घरचा सर्व्हर, म्हणजे फोटो आणि रेकॉर्डिंग साठवणारा लिनक्सवरचा संगणक, रात्रंदिवस चालू आहे. २०१५ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटो, आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, सगळं जागच्या जागी आहे. फोनवर आभार मानून झाले, पण ते पुरले नाहीत. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या आधी काय झालं ते लिहायलाच हवं, कारण ते अजून सलतं. ४ टीबीच्या तीन डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे माहिती तिन्हींवर वाटून ठेवणाऱ्या एका संचात (अ‍ॅरेत) बांधलेल्या. म्हणजे ८ टीबी जागा, आणि एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत. त्यातली एक बाहेर पडली, काही तासांत दुसरी पडली आणि अ‍ॅरे बंद झाला. शहरातल्या एका दुकानात त्या एकेक करून विंडोजला जोडल्या गेल्या. विंडोजला लिनक्सची रेड कळत नाही, ते फक्त ‘डिस्क इनिशिअलाइझ करायची का’ असं विचारतं. तेवढ्यावर निकाल मिळाला : डिस्क कोऱ्या आहेत, फॉरमॅट करून देतो. दुसऱ्या एका जाणकाराने फोनवरच सांगितलं की एमडीएडीएम या लिनक्सची रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची ‘क्रिएट’ कमांड मारा, अ‍ॅरे उभा राहील. उभा राहिलाही असता. पण क्रिएट जुना अ‍ॅरे शोधत नाही, नवा मांडतं. डिस्कचा क्रम चुकला, चंक साइझ (माहितीच्या तुकड्याचं माप) वेगळी पडली किंवा नव्या आवृत्तीने डेटा ऑफसेट (माहिती सुरू होण्याची जागा) दुसरीकडे धरला, तर चुकीच्या हिशेबाने एक अख्खी डिस्क नव्याने लिहून निघते आणि मग परतीची वाट उरत नाही. दोघांपैकी एकानेही स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा अहवाल पाहिला नाही. यात काय साठवलंय, हेही विचारलं नाही.

तुम्ही येऊन आधी तिन्ही डिस्कचे अहवाल काढलेत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचलेत. सगळे १९७ क्रमांकाची, पेंडिंग सेक्टरची (वाचताना अडलेल्या जागांची) ओळ बघतात, तुमचं बोट १२ वर थांबलं. पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली. एकाच दिवशी, एकाच डब्यात बसवलेल्या डिस्क, म्हणजे हा आकडा तिन्हींचा सारखाच हवा. दोघींचा २१४ होता, पहिल्यांदा पडलेल्या डिस्कचा ६११. तिच्या रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग सेक्टरच्या ओळी शून्य. १९९, म्हणजे केबलमधून जाताना माहितीत होणाऱ्या सीआरसी चुकाही शून्य, त्यामुळे डेटा केबलवर संशय नाही. डिस्क धडधाकट होती, तिची वीज मधूनमधून तुटत होती. मग तुम्ही मल्टिमीटर काढलात. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ५ टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे खाली ११.४ पर्यंत. डिस्क फिरायला लागताना तिथे ११.१ दिसत होते. मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या वीजजोडावरून साटा डिस्कची वीज काढणारा तो स्वस्तातला कनेक्टर तुम्ही उलटा करून दाखवलात : एक पिन सैल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. प्लास्टिकमध्ये ओतून केलेल्या या कनेक्टरांत वायरी आतल्या आत सरकतात, तापतात, कधी पेटही घेतात. ज्यांच्या घरी असा लावलेला आहे, त्यांनी तो आजच काढावा.

दुसरी डिस्क मात्र खरोखर आजारी होती, पेंडिंग सेक्टर ४८. पहिली पडल्यावर सगळं वाचन उरलेल्या दोघींवर, म्हणजे हिच्यावरही आलं. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर घरगुती डिस्क पुष्कळ वेळ झटत बसते, लिनक्स मात्र ३० सेकंद वाट बघून तिला रीसेट करतं. त्यातच ही आजारी डिस्क बाहेर फेकली गेली. “हिला आता काही लिहायला लावायचं नाही,” तुम्ही म्हणालात, “फक्त एकदा सावकाश वाचून घ्यायची.”

आणि मग तुम्ही पिशवीतून दवाखान्यातली पांढरी कागदी चिकटपट्टी काढलीत. प्रत्येक डिस्कवर तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेत. आजारी डिस्कच्या पट्टीवर ‘इथून’ आणि नव्या कोऱ्या डिस्कच्या पट्टीवर ‘इथे’. त्यानंतर आईला हाक मारलीत, “ताई, जरा पट्टीवरचे आकडे मोठ्याने वाचा.” आई एकेक आकडा वाचत होती आणि तुम्ही पडद्यावरच्या नावाशी तो ताडून बघत होतात. दोनदा.

डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी मूळ डिस्क लिहायची, मग नवी. दोन नावं उलटी पडली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. थेट डिस्कवर लिहायचं तर ‘फोर्स’ हा सक्तीचा पर्याय द्यावाच लागतो, त्यामुळे प्रोग्रॅम अडवत नाही. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, म्हणून तुम्ही ती वापरली नाहीत, सीरियल नंबर असलेली बाय-आयडीची लांबलचक नावं वापरलीत. हे तुम्हाला झोपेतही येत असणार. तरी तुम्ही आईला वाचायला लावलंत. जिचे फोटो, जिच्या आईच्या ओव्या, तिच्या डोळ्यांखालून ते गेलं पाहिजे, एवढं तुम्हाला वाटलं. काका, तीन दिवस गप्प असलेली आई त्या आठ-दहा मिनिटांत पहिल्यांदा नीट बसली. कमांड सांगणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावण्याआधी त्या घराला विचारणारी माणसं या शहरात आहेत आणि त्यातली बरीचशी कुठल्याही पाटीखाली बसत नाहीत, हे तुमच्यामुळे दिसलं.

पुढचं काम वेळखाऊ होतं. पहिली फेरी खराब जागा न खरवडता, साधारण आठ तासांची. कुठवर वाचून झालं याची नोंद, म्हणजे मॅपफाइल, वेगळ्या पेनड्राइव्हवर, म्हणजे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे. मग उरलेल्या जागांवर तीन फेऱ्या. शेवटी फक्त ८ केबी वाचता आले नाहीत. पहिली पडलेली डिस्क धडधाकट असूनही तुम्ही जोडणीत घेतली नाहीत, कारण तिचा इव्हेंट काउंट, म्हणजे संचातल्या बदलांचा आकडा, फार मागे होता, तिच्यावरची माहिती शिळी. निरोगी डिस्क आणि नवी प्रत, या दोघींवर ‘असेंबल’ला (जुना संच जोडणाऱ्या कमांडला) फोर्स देऊन अ‍ॅरे उभा केलात, तोही रीड-ओन्ली. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम नुसती रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, चालवून बघते, म्हणून ते टाळणारं ‘नोलोड’ही लावलंत. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरल्यावरच ती पहिली पडलेली डिस्क पुन्हा आत घेतलीत, तीही वीजपुरवठ्याच्या मूळ केबलवर.

जाताना सांगितलेलं सगळं केलंय. एरर रिकव्हरीची, म्हणजे खराब सेक्टरवर डिस्कने झटत बसण्याची मर्यादा ७ सेकंदांवर आणली आहे आणि डिस्क बंद झाल्यावर ही मर्यादा विसरली जाते म्हणून दर स्टार्टअपला पुन्हा लागते. पावसाळ्याआधी इन्व्हर्टरच्या जोडीला संगणकाचा यूपीएस घेतलाय. रेड म्हणजे बॅकअप नाही, हे तुमचं वाक्य आई आता इतरांना ऐकवते. एक प्रत पंचवटीला मामाकडे ठेवली आहे, दर महिन्याला ताजी होते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतलात. ‘इथून’ लिहिलेली डिस्क पट्टीसकट कपाटात आहे, आई ती पट्टी काढू देत नाही. चिकटपट्टीचा रोल टेबलावर राहिलाय. मामाकडच्या डिस्कवर त्यातलीच पट्टी लावली, आकडे आईनेच लिहिले. रोल पोचवायला रविवारी सकाळी सातपूरला येतो. आईही येणार आहे.

आपले कृतज्ञ,
गंगापूर रोडवरचे आम्ही सगळे