हिवाळ्यात ग्लायडर हँगरमध्ये का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'थंडी पडली, आता ग्लायडिंग उन्हाळ्यातच' हे वाक्य किनाऱ्यावरच्या शहरात इतक्यांदा कानावर येतं, की मीही ते खरं मानून बसलो होतो. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकवणाऱ्या समुद्राजवळच्या एका क्लबला फोन केला, 'हंगाम संपला' असं उत्तर मिळालं आणि मी विषय सोडून दिला. माझे दोन हिवाळे असे फुकट गेले. इतरांचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

किनाऱ्यालगत थर्मल, म्हणजे उन्हाने तापून वर चढणारे आणि ग्लायडरला उचलणारे हवेचे झोत, कमी मिळतात, हे खोटं नाही. दुपारी खारे वारे सुटले की समुद्रावरची गार हवा जमिनीवर पसरते आणि तापून वर निघालेली हवा तिथेच दबते. पण जसजसं आत जावं तसा हा अडसर ओसरतो. म्हणून शहराच्या वेशीवर न शोधता दीड-दोन तासांच्या अंतरावरची धावपट्टी शोधावी, आणि तिच्या शेजारी डोंगररांग असेल तर दुधात साखर. रांगेवर काटकोनात आदळणारा वारा वर चढतो, त्याला उन्हाची गरज नसते. घार कड्यालगत पंख न हलवता तरंगते ती याच वाऱ्यावर. डोंगरापलीकडे हवेच्या ज्या लहरी उठतात, त्यांची ताकद तर थक्क करणारी आहे. 'पर्लन २' हे ग्लायडर २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात अँडीजच्या अशाच लहरींवर ७६,००० फुटांच्या वर गेलं, तेव्हा तिकडे हिवाळा सरत होता.

नवशिक्यांना एवढी उंची नको असते. विंच, म्हणजे ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणारं जमिनीवरचं यंत्र, पाऊण मिनिटात साधारण ४०० मीटरवर नेऊन सोडते आणि थर्मल नसेल तर सात-आठ मिनिटांत आपण पुन्हा जमिनीवर. एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला, असं लोक विचारतात. पण उतरायला शिकायचं तर पुन्हा पुन्हा उतरावंच लागतं. कॅनपीवर, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर, लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो; ग्लायडर हवेत सरळ चाललंय की तिरकं, ते तो दाखवतो. उन्हाळ्यातल्या धक्क्यांत तो सारखा वळवळतो. चूक हवेची की आपल्या पायांची, ते कळत नाही. थंडीतल्या शांत सकाळी तो जरा तिरपा झाला की समजावं, रडरवरचा, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवरचा, पाय चुकला.

क्लबला फोन करताना पट्टी डांबरी आहे की गवताची, हे आधी विचारावं. ओल्या गवतात चाक रुततं आणि अख्खा दिवस वाया जातो. दोन आसनी ग्लायडर आणि प्रशिक्षक कोणत्या वारी असतात, तेही विचारावं. पंखांवर गोठलेलं दव पुसल्याशिवाय जे उडत नाहीत, त्यांच्याकडे निर्धास्त शिकावं. त्या पातळ थरानेही पंखांची उचल घटते.

आपल्याकडे एक विनंती आहे. हवामानाच्या चौकटीत तापमान आणि भरती-ओहोटी रोज असते. त्यात शहरापासून आतल्या भागातल्या वाऱ्याची दिशा आणि वेगही द्यावा. शनिवारी सकाळी गाडी काढायची की नाही, हे आम्हाला त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल.

आपला,
एक ग्लायडिंगप्रेमी वाचक