‘घोषणे’वर सही कशी करायची?

महोदय,

मी भाषांतरकार आहे. परवा एका अर्जाच्या तळाशी वाचलं : ‘खालील घोषणेवर सही करावी.’ घोषणा दिली जाते, केली जाते. तिच्यावर सही कशी करायची? तिथलं मूळ इंग्रजी ‘डिक्लेरेशन’ म्हणजे दिलेली माहिती खरी असल्याचं लेखी सांगणं. ‘घोषणापत्र’ म्हटलं असतं, तर त्या एका ‘पत्रा’नं अर्थ जागेवर आला असता.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या डिक्लेरेशनला आपण ‘मानवी हक्कांचा जाहीरनामा’ म्हणतो, ते किती नेमकं आहे! मूळच्या अरबी ‘जाहीर’चा अर्थ उघड, आणि ‘डिक्लेरेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘क्लारुस’चाही स्पष्ट, स्वच्छ. क्रिकेटमधला डाव घोषितच व्हावा. पण कस्टम्सच्या अर्जात सामानाचं ‘विवरण’ मागा. अर्ज छापणाऱ्यांनी कोशातला पहिलाच अर्थ उचलू नये, ही कळकळीची विनंती.

– एक भाषांतरकार